राजूरच्या घाटातली माझी जीत

हबीब, तुझ्या जनाज्यामागे चालताना मी माणसं मोजत होतो. रडायचं सोडून मोजत होतो. खांदा देऊन बाजूला झालो, घाम पुसला, मागे वळून पाहिलं, तर मशिदीपासून पार नाक्यापर्यंत डोकीच डोकी. टोप्या, फेटे, मुंडाशी. त्यांच्या मागे बैलगाड्या, आणि त्या गाड्यांतून उतरलेले कुठल्या कुठल्या खेड्यांतले लोक. माझ्या मनात काय आलं असेल? माझ्या वेळेला यातले निम्मेसुद्धा येणार नाहीत. चाळीस वर्षांच्या दोस्ताला पोचवायला निघालेल्या माणसाच्या मनात असलं काही येतं का? माझ्या आलं. आता तुझ्यापासून काय लपवायचं!

वर आणखी बोथ्याकडचा एक म्हातारा माझ्या बाजूने चालत होता. त्याने विचारलं, "तुमी डाक्टरचे कोन?"

"दोस्त," मी म्हटलं.

"हाव, पन कोनते?"

शाळेच्या बाकापासून तुझ्या शेजारी बसलेलो मी, आणि त्या म्हाताऱ्याला मी कोणता ते ठाऊक नव्हतं. तुझा मात्र त्याला पत्ता पाठ. त्याच्या म्हशीचं अडलेलं पारडू तू कसं सोडवलंस ते त्याने मला कबरस्तानापर्यंत सांगितलं. मी हूं हूं करत ऐकलं. माती देतानासुद्धा मी थोडा रागावलेलाच होतो.

तू ढोरांचा डॉक्टर झालास तेव्हा मी हसलो होतो, आठवतं? "माणसाचा व्हायचं सोडून हे काऊन बे?" म्हटलं होतं. मी वडिलांच्या अडत दुकानात गादीवर बसलो. मला वाटलं, गावात मान माझाच राहील. झालं भलतंच. तुझी बदली निघाली की खेड्यापाड्यांतून अर्ज जायचे आणि नागपूरचा हुकूम गुपचूप फिरायचा. माझी बदली झाली असती तर लोकांनी पेढे वाटले असते.

फटफटी आधी मी घेतली, हे तरी कबूल करशील ना? खामगावातली ती पहिली नसेल, पण आपल्या दोघांत पहिली माझी. सहा महिन्यांनी तू घेतलीस, गावोगाव फिरायला. जुनी, रंग उडालेली. आणि लोक म्हणायला लागले, "डॉक्टरसारखी फटफटी नारायणशेठनंबी घेतली." मी दुकानासमोर उभा राहून दोघाचौघांना खरा क्रम समजावून सांगितला. ते माना हलवत गेले, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

मग आपली ती वर्षाची फेरी सुरू झाली. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला. करीच्या दिवशी नवं काही सुरू करू नये म्हणून बाजार थंड, दुकानात माशी हलत नाही, म्हणून मी मोकळा. डोणगावचे बापूसाहेब देशमुख आदल्या संध्याकाळीच आपली भलीमोठी फटफटी घेऊन माझ्याकडे मुक्कामाला यायचे. चौथे दत्तोपंत ओव्हरसियर, सडकेच्या खात्यातले, देशावरचे, जपून बोलणारे. उजाडताना निघायचं, बोथ्याच्या घाटाने जंगलातून वर चढायचं, बुलढाण्याला जेवायचं, राजूरच्या घाटाने खाली उतरायचं, आणि मोताळा, नांदुरा करत दिवेलागणीला घरी. आमच्या घरातून दरवर्षी एकच प्रश्न, "करीच्या दिवशी कोनी घराबाहेर पडते काय?" हा प्रश्न मला. आणि तिळाच्या लाडवांची पुडी तुला. "हबीबभाऊ, तुमाले वाटेत भूक लागते." मला लागत नाही असं तिला कुणी सांगितलं होतं?

पुढे कोण असावं यावरून आपली भांडणं व्हायची. मुरमाची सडक. जो पुढे त्याला स्वच्छ हवा, मागच्या तिघांना त्याची धूळ. पहिली दोन वर्षं आपण चिठ्ठ्या टाकल्या. मग लढाई आली, पेट्रोलला कुपनं लागली, आणि त्यातून आपला खेळ निघाला. तुला सरकारी कामासाठी कुपनं जास्त मिळत. मला वाटलं, चला, फेरीचं भागलं. तू म्हणालास, "ते ढोराइचं पेट्रोल हाये, नारायण." आणि फेरीपुरतं वाचावं म्हणून दोन महिने जवळच्या खेड्यांना सायकलवर गेलास. मग आम्हांलाही लाज वाटून काटकसर करावी लागली. तुझ्या चांगुलपणाचा हाच ताप होता. तू एकटा चांगला राहत नसायचास, आम्हांलाही राबवायचास.

राजूरचा घाट इंजिन बंद करून उतरायचा, ही कल्पना दत्तोपंतांची. थेंबभर पेट्रोल वाचेल म्हणून. त्याची शर्यत केली ती बापूसाहेबांनी. घाटमाथ्यावर चौघांनी इंजिन बंद करायचं, पाय जमिनीला लावायचा नाही, आणि जिथे गाडी आपोआप थांबेल तिथे उभं राहायचं. जो सगळ्यांत लांब जाईल तो पुढच्या वर्षी सबंध फेरीत पुढे. याला आपण 'बंद उतार' म्हणायचो. काय शांतता असायची रे! चार फटफट्या, आणि आवाज फक्त चाकांखालच्या खड्यांचा. पळसाच्या झाडीतली पाखरंसुद्धा उडत नसत. त्या शांततेत मी एकच गोष्ट करत असे. तुझ्या पाठीकडे बघत असे.

तीन वर्षं तू जिंकलास. सलग. मी काय काय केलं नाही! चाकांच्या बेअरिंगला ग्रीस भरलं, टायरमध्ये हवा ठासली, खाली वाकून टाकीला छाती लावून बसलो. तू आपला ताठ, मान वर करून, वाटेत कुणाला हात करत, आणि तरी माझ्या दोनशे पावलं पुढे. एकदा मी चिडून विचारलं तेव्हा तू पोटावर हात मारलास. "हे पाह्य, माह्यं इंजिन. तू काडीवानी हायेस बे, तुले उतार तरी कायले वढीन?"

ते माझ्या डोक्यात बसलं. वजन!

आणि मग मी जे केलं ते तुला ठाऊक आहे, पण तुझ्यासमोर मी त्याचं नाव कधी काढलं नाही. म्हणून आता काढतो. चौथ्या वर्षी करीच्या आदल्या दिवशी मी दुकानातली पाच पाच शेरांची आठ लोखंडी वजनं काढली, गोणपाटात गुंडाळली, आणि मागच्या दोन्ही चामडी पिशव्यांत चार चार भरली. वर धोतर आणि पंचा. एक मण भार. काटेकोर, सरकारी शिक्क्याचा. करीचा बाजार बंद, वजनं लागणार कुणाला? सबंध बोथ्याचा घाट माझी फटफटी कण्हत चढली. बापूसाहेब म्हणाले, "नारायणा, तुझ्या गाडीला खोकला झाला काय?" मी म्हटलं, प्लग खराब आहे. तू मागे वळून माझ्या मागच्या चाकाकडे एकदा पाहिलंस. तेव्हाच तुला कळलं होतं का? बैलाची चाल पाहून कुठला पाय दुखतो ते तू सांगायचास. चाक दबलेलं तुला दिसलं नसेल, असं मला वाटत नाही.

वाटेत नेहमीचंच. प्रत्येक गावाला तुला हात. "डाक्टर, जरा थांबा." कुणाची गाय खात नाही, कुणाच्या बैलाच्या खांद्याला गळू, कुणाला काहीच नाही, नुसता तिळगूळ द्यायचा आहे. तू थांबलास की आपण सगळे थांबायचो. तू गोठ्यात शिरायचास आणि आम्ही तिघं झाडाखाली, वऱ्हाडी मंडळींसारखे ताटकळत. माझ्या हातावर तिळगूळ पडायचा तो तुझ्या हातावर पडून उरलेला.

राजूरच्या माथ्यावर इंजिनं बंद केली. तू पुढे, मग मी, मग ते दोघे. आणि हबीब, काय सुटली माझी गाडी! पहिल्या वळणाला तुझ्या जवळ आलो, दुसऱ्याला बरोबरीला, आणि तिसऱ्या वळणाच्या आधी तुला मागे टाकलं. जन्मात पहिल्यांदा माझ्यासमोर तुझी पाठ नव्हती, मोकळी सडक होती. मी ओरडलो का ते आठवत नाही. बहुतेक ओरडलोच असेन.

मग ब्रेक लावला आणि तो धरेना. एक मण लोखंड मागून ढकलतंय हे मी विचारातच घेतलं नव्हतं. अडत्याचं डोकं. वजन किती ते बरोबर, पण ते थांबवायचं कसं याचा विचार अडत्याला कधी करावाच लागत नाही. त्याचं वजन पारड्यात बसून राहतं. मी समोरच्या चाकाकडे बघत होतो. तू मागून, वरच्या वळणावरून खालची सडक बघत होतास. पुढच्या वळणापलीकडून कडब्याच्या तीन गाड्या वर चढत होत्या. दोन्ही बाजूंनी पेंढ्या लोंबलेल्या, सगळी सडक भरलेली, गाडीवान वर कडब्यावर बसून गाणं म्हणत. फटफटी मुकी, त्याला ऐकू काय येणार!

मला फक्त तुझ्या इंजिनाचा आवाज आला. तू बंद उतारात इंजिन सुरू केलंस. म्हणजे हरलास. हा माझा पहिला विचार होता, देवाशपथ सांगतो. तू हरलास. मग तू माझ्या अंगावरून जाशील इतक्या जवळून पुढे गेलास, वळणावर दिसेनासा झालास, आणि इंजिन पुन्हा बंद झालं. मी वळण घेतलं तेव्हा तुझी फटफटी नालीत आडवी पडली होती आणि तू पहिल्या गाडीच्या बैलाची वेसण धरून त्याला डोंगराच्या अंगाला रेटत होतास. "हो ढवळ्या, हो, हो रे राजा." तो बैल तुझा पेशंट निघाला. कुणाचा असता? मागच्या दोन गाड्याही त्याच्या मागोमाग कडेला वळल्या. कडबा माझ्या कानाला घासत गेला. दुसऱ्या बाजूला दरी होती, तिच्याकडे मी पाहिलं नाही.

आणि मग मी घाट उतरलो, राजूर ओलांडलं, आणि मोताळ्याच्या वाटेवर कधी कुणी गेलं नव्हतं इतक्या लांब जाऊन थांबलो. तू आलास, कोपर सोललेलं, सदरा फाटलेला. माझी गाडी कलली होती ती सरळ करायला तू मागची पिशवी धरलीस, आणि तुझा हात तिथेच राहिला. पंचा बाजूला केलास. गोणपाट चाचपलंस. मी म्हटलं, आता बोल. काय ती शिवी दे. तू एवढंच म्हणालास, "दुकानातले वजनं लोकाइसाठी असतात बे." आणि पंचा पुन्हा नीट अंथरलास.

तेवढ्यात ते दोघे आले. बापूसाहेबांनी विचारलं, "हबीब, तू मधीच इंजिन काऊन सुरू केलं?" तू हसलास. "घाबरलो ना साहेब. नारायणनं असा वारा केला मागून, मले वाटलं आपन उभेच हावो. गडबडीत किक मारली आन् नालीत गेलो. आज नारायण जिंकला. खरा जिंकला." त्यांनी तुझी मोताळ्याच्या चहापर्यंत टर उडवली. तू उडवून घेतलीस.

मला त्या दिवशी तुझा जेवढा राग आला तेवढा आधी कधी आला नव्हता. जीव वाचवलास, ठीक आहे, तो तू कुत्र्याचाही वाचवला असतास. पण जीत कशाला दिलीस? माझ्याकडे एक लबाडी होती, ती तरी माझी होती. तीही तू घेतलीस आणि तुझ्या मोठेपणात जमा केलीस. मी वाट बघत राहिलो. कधीतरी भांडणात तू बोलशील, "नारायण, तुझी वजनं काढू का बाहेर?" किती वेळा मी तुला डिवचलं ते त्यासाठीच. बैल फटफटीला का बुजतो यावर आपण दोन वर्षं भांडलो. मी म्हणायचो आवाजाला, तू म्हणायचास वासाला. तुला गप्प करायला तेवढा एक शब्द पुरला असता, आणि मीच मुद्दाम पायरी सोडून बोलायचो. तू तो शब्द वापरला नाहीस. उलट गावोगाव माझ्या जिंकण्याची गोष्ट सांगत फिरलास, तिखटमीठ लावून.

बंद उतार त्यानंतर पुन्हा झालाच नाही, पण पुढच्या वर्षी मी पुढे होतो. स्वच्छ हवा, मोकळी सडक. आणि पहिल्याच गावाला लोकांनी हात केला, मी ऐटीत थांबलो, आणि त्यांनी विचारलं, "डाक्टर कुठी हायेत?" मी मागे धुळीकडे बोट दाखवलं. दुसऱ्या गावाला तेच. बुलढाण्यापर्यंत माझं काम तेवढंच होतं, तू येतो आहेस हे सांगायचं.

तू तापाने पडलास तेव्हा तिसऱ्या दिवशी मी आलो होतो. सांगायचंच म्हणून आलो होतो. खाटेपाशी बसलो. भाभींनी मोसंबी सोलून दिली. मी म्हटलं, "हबीब, ते राजूरच्या घाटात..." तू डोळे मिटूनच म्हणालास, "वासालेच बुजते बे बैल. पेट्रोलच्या वासाले." मी म्हटलं, आवाजाला. तू हसलास. मला वाटलं, उद्या सांगू, जरा उतार पडला की. घरातून तुझ्यासाठी दिलेली लाडवांची पुडी भाभींच्या हातात दिली आणि निघालो.

तू गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी भाभी दाराआडून माझ्याशी बोलल्या. मी त्यांना म्हटलं होतं, किती लोक येतात हो अजून, आमच्या दारात चिटपाखरू येत नाही. त्या म्हणाल्या, "त्याइले तुमचंच बरं वाटे, भाऊ. घरी येऊन म्हनत, नारायन सुटला की सीधा जाते, त्याले कोनी हात करत नाही. मले एक दिवस तसं जायाचं हाय, कुठीच न थांबता."

मी पाणी मागितलं. तू माझ्यावर जळत होतास, हबीब? माझ्यावर? तुला थांबवणाऱ्या एकेका हाताचा मी हेवा केला आणि तू माझ्या रिकाम्या सडकेचा. आधी मला हसू आलं. मग इतकं रडू आलं की भाभींनी आतून पोराला पाठवलं. जनाज्यात आलं नव्हतं ते तिथे आलं. आणि खोटं कशाला बोलू, जरा बरंही वाटलं. तुझ्याही पोटात दुखत होतं तर.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की आता सांगून टाकायचं. तुझ्या चाळिसाव्यासाठी आलेले बापूसाहेब अजून माझ्याकडेच होते, दत्तोपंतांना बोलावून घेतलं. गादीवर बसलो. बापूसाहेबच आधी म्हणाले, "यंदाबी करीले निघू. हबीबसाठी. तूच पुढे राहा, नारायणा. शेवटचा जिंकलेला तूच." मी म्हटलं, मी जिंकलो नाही. आणि सगळं सांगितलं. आठ वजनं, गोणपाट, ब्रेक, कडब्याच्या गाड्या, वेसण, तू इंजिन का सुरू केलंस ते. माझी एकुलती एक जीत मी माझ्या हाताने त्यांच्यापुढे ठेवली.

मग बापूसाहेबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "दोस्ताले मोठं करायले मानूस असं बोलते, नारायणा. समजते मले."

मी म्हटलं, "अहो, खरं सांगतो."

"दुकानाचे सरकारी शिक्क्याचे वजनं घेऊन कोनी अडत्या घाट उतरंन काय? याड लागलं काय त्याले?"

मी दत्तोपंतांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. "नारायणराव," ते अगदी हळू म्हणाले, "डॉक्टरांनी स्वतः आम्हांला सांगितलं होतं, तुम्ही खरे जिंकलात म्हणून. आणि हबीब खोटं बोलणारा माणूस नव्हता."

तुझ्या शब्दापुढे माझा शब्द कोण धरेल? सबंध आयुष्यात एकदा खोटं बोललास, तेही माझ्यासाठी, आणि ते या जिल्ह्यात आता कुणाच्या बापाला खोडता येणार नाही. मी वजनं आणून दाखवू लागलो तर बापूसाहेबांनी आत हिला हाक मारली आणि सांगितलं, याला जरा विश्रांती घेऊ द्या.

करीला ते मला पुढे घालणार. मी जाईन. गावोगावचे लोक विचारतील, आणि मागे दाखवायला धुळीत कुणी नसेल.

मी हरलो होतो, हबीब. हे पटवून घेणारा एकच माणूस होता, आणि त्याच्या खाटेपाशी बसून मी बैलांवरून भांडलो.